कोणत्या वयाने कोणत्या थरावर?

गुरुपौर्णिमा उलटली की गल्लोगल्ली गोपाळकाल्याच्या तयारीची चर्चा सुरू होते आणि दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो : 'डॉक्टर, पोरगा गोविंदा पथकात जातो म्हणतोय, पाठवू का?' काहींना माझ्या तोंडून 'हो' ऐकायचे असते, काहींना 'नाही'. पण मुलाचे वय किती, तो सरावाला किती दिवस देणार आणि पथक त्याला कोठे उभे करणार, या तीन गोष्टी कळल्याशिवाय कोणताही डॉक्टर याचे उत्तर देऊ शकणार नाही.

प्रथमच सांगतो, मी दहीहंडीच्या विरोधात नाही. महिनाभर रोज संध्याकाळी तरुण पोरे मैदानात घाम गाळतात, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावतात, वेळेवर येतात, ही आरोग्याच्या दृष्टीने मोठी जमेची बाजू आहे. माझी तक्रार आहे ती आठ दिवसांत जमवलेल्या पथकांविषयी आणि सर्वांत वर चढवल्या जाणाऱ्या लहान मुलाविषयी.

थोडा हिशेब पाहा. वीस फुटांवरून निसटलेला माणूस जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर असतो. तीस फुटांवरून पडल्यास तो ४८ होतो. एवढ्या वेगाने जाणाऱ्या मोटारसायकलवर आपण पोराला हेल्मेटशिवाय बसू देत नाही, मग डांबरी रस्त्यावरच्या थरावर कसे चढू देतो? लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे पडताना ते डोक्यावर पडण्याचा धोका अधिक. शिवाय वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते व हाडाची लांबी तिथूनच वाढते. तिला मार बसला तर पुढे हात किंवा पाय आखूड वा वाकडा राहू शकतो.

कायद्यानेही याचा विचार केला आहे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि थरांची उंची वीस फुटांवर आणली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानेही हीच बंधने सैल करण्यास नकार दिला. पुढे २०१७ मध्ये राज्य सरकारने चौदा वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ देणार नाही, अशी हमी उच्च न्यायालयात दिली व उंचीचा निर्णय शासनावर सोपवला गेला. माझ्या मते चौदा ही सवलत आहे, शिफारस नव्हे. वरच्या थरांसाठी अठरा हेच योग्य वय.

यावर मंडळांचे उत्तर ठरलेले असते : वर हलके पोरच लागते आणि कृष्णसुद्धा लहानच होता. खरे आहे, पण गोकुळातले शिंके घराच्या आढ्याला टांगलेले होते, क्रेनला नव्हते. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतातही माणसांचे असेच मनोरे रचतात आणि तिथेही शेंड्यावर मूल चढते. २००६ साली तिथे एका लहान मुलीचा पडून मृत्यू झाला. त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आले. त्यांच्या मनोऱ्याच्या बुडाशी शेकडो माणसांचा दाट वेढा असतो, तोच पडणाऱ्याला झेलतो. आपल्याकडे बघ्यांची गर्दी मोठी आणि वेढा मात्र विरळ.

आता वयाप्रमाणे काय करावे ते पाहू.

पाच ते नऊ वर्षे : थर अजिबात नको. लेझीम, दोरीवरच्या उड्या, लंगडी, सूर्यनमस्कार पुरेत. शाळेत हंडी बांधायचीच तर हातातली काठी पोहोचेल इतकी खाली बांधावी. या वयापासून सतरापर्यंत रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दहा ते चौदा वर्षे : चढण्याची हौस असेल तर मल्लखांब शिकवावा. मूल स्वतःच्याच वजनावर चढते, त्याच्या खांद्यावर कोणी उभे राहत नाही, खाली गादी असते आणि शेजारी शिक्षक. पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेल्या या व्यायामाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ साली मुंबईत झाली. आठवड्यातून तीन दिवस, तासभर द्यावा. मुलींना दोरीचा मल्लखांब उत्तम. आपल्या गावात खांब नसेल तर खो-खो आणि जोर-बैठका आहेतच.

पंधरा ते सतरा : पथकात जाण्यास हरकत नाही, पण बाहेरच्या वेढ्यात. वाढत्या कण्यावर दुसऱ्याचे वजन नको आणि वरचा थरही नको.

अठरा ते पस्तीस : इथे वेळेचा प्रश्न येतो. ज्याला शेवटचे आठ-दहा दिवसच मिळतात, त्याने वेढ्यात हात वर करून उभे राहावे. ते कमीपणाचे नाही. गुरुपौर्णिमेला नारळ फोडून रोज सराव करणाऱ्याला काल्यापर्यंत पाच-साडेपाच आठवडे मिळतात. त्याने तीन-चार थरांपर्यंत जावे, तेही गादीवर अनेकदा रचून उतरून झाल्यावर. त्यापुढचे थर बारमाही व्यायाम करणाऱ्यांसाठीच. मुलींच्या पथकांनाही हेच लागू आहे. त्यांनी सरावाआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, कारण रक्त कमी असेल तर उभ्या उभ्या चक्कर येते.

चाळीशीनंतर : रक्तदाब, मधुमेह, गुडघे वा कंबरदुखी असेल तर खालच्या थरात उभे राहू नये. शिकवणे, पाणी देणे, प्रथमोपचाराची पेटी सांभाळणे ही कामे पथकाला तितकीच हवी असतात.

सर्वांसाठी काही नियम सारखेच आहेत. उपाशी पोटी किंवा मद्य घेऊन थरात जाऊ नये. अंगठी, कडे, साखळी घरी ठेवावी. ताप किंवा जुनी दुखापत असेल तर त्या वर्षी बाहेर राहावे.

एवढे करूनही कोणी पडलाच तर त्याला हातपाय धरून उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. मानेचे हाड मोडले असेल तर चुकीच्या उचलण्याने मज्जारज्जूला इजा होऊन तो कायमचा पंगू होऊ शकतो. डोके आणि मान सरळ रेषेत दोन्ही हातांनी स्थिर धरा व १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. पडलेला उठून चालू लागला तरी एक दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. वारंवार उलटी, वाढती गुंगी, असंबद्ध बोलणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव यांतले काहीही दिसले तर घरी झोपवून न ठेवता लगेच इस्पितळ गाठा.

शेवटी चार शब्द आयोजकांसाठी. बक्षिसाचा आकडा थरांच्या संख्येवर ठेवला की पोरे आपली ताकद विसरून चढतात. त्याऐवजी जे पथक नीट रचते आणि एकही माणूस न पडता उतरते, त्याला बक्षीस द्या. विमा जरूर काढा, पण विम्याने मोडलेली मान जुळत नाही. रस्त्यावर जाड गाद्या, दोराचा आधार, हेल्मेट आणि जवळ उभी रुग्णवाहिका यांचा खर्च ध्वनिवर्धकाच्या भिंतीतून वाचवता येईल. हंडी दहा फूट खाली आणली म्हणून दही आंबट होत नाही, आणि संध्याकाळी सगळी पोरे आपल्या पायांनी घरी जातात.