गॅसची भाषा: कुंपणाच्या आतली आणि बाहेरची

मुंबई हायला 1974 साली तेल सापडलं आणि 1976 साली उत्पादन सुरू झालं. तेव्हापासून उरण, नागोठणे, दाभोळ असं करत हा उद्योग आपल्या शेजारी राहायला आला. आता त्याचे नळ समृद्धी महामार्गाच्या कडेने विदर्भाकडे निघाले आहेत. या शेजाऱ्याची बोली मात्र आपल्याला कोणी नीट समजावून सांगितली नाही. माझं म्हणणं साधं आहे. ज्या शब्दावर लोकांचा जीव, जमीन किंवा पैसा अवलंबून आहे, तो त्यांना कळेल असा सांगणं ही कंपनीची आणि सरकारची जबाबदारी आहे. त्यासाठी नागरिकाने कोश उघडून बसावं ही अपेक्षाच चूक.

1. आधी एक गोष्ट साफ करतो. तेलवाल्यांच्या बोलीवर माझा राग नाही. विहिरीच्या तोंडावर बसवलेल्या झडपांच्या जुळणीला ते 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. नळ आतून साफ करत पुढे सरकणारं साधन म्हणजे 'पिग', खोदताना भोकात सोडतात तो जड द्रव म्हणजे 'मड'. खालच्या वायूचा दाब विहिरीत घुसू लागला की 'किक' आली म्हणायचं. रिगवर अशा वेळी ओरडायला एका दमात तोंडातून निघणारा शब्दच हवा, तिथे शुद्ध मराठीचा आग्रह धरणारा माणूस अडचणच करेल. आसाममधल्या बागजानची विहीर 27 मे 2020 रोजी उसळली, 9 जूनला पेटली आणि नोव्हेंबरमध्ये कुठे ती 'किल' झाली, म्हणजे कायमची शांत झाली. हे शब्द रिगवरच्या माणसांचे आहेत, त्यांनी ते खुशाल वापरावेत.

2. प्रश्न सुरू होतो तो शब्द कुंपण ओलांडतो तिथे. घरातलंच बघा. सिलिंडरमधल्याला आपण गॅस म्हणतो आणि पाइपमधून येतो त्यालाही गॅसच. पण सिलिंडरमध्ये असतात प्रोपेन आणि ब्यूटेन, हवेपेक्षा सुमारे दीडपट ते दुप्पट जड. ते गळले तर जमिनीलगत पसरतात, ओट्याखाली नि गटारात साचतात. पाइपमधला असतो मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, म्हणून छताकडे जातो. एका गळतीत खालची दारं-झरोके मोकळे करायला हवेत, दुसऱ्या गळतीत वरची खिडकी. बटण मात्र कुठल्याच गळतीत दाबायचं नाही, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. 'एलपीजी' आणि 'पीएनजी' ही अक्षरं बिलावर ठळक असतात. जड आणि हलका हे दोन साधे मराठी शब्द किती घरांत पोहोचले आहेत, ते आपापल्या इमारतीत विचारून बघा. सिलिंडरच्या गळतीसाठी 1906 हा देशभर चालणारा क्रमांक आहे, तोही किती जणांना पाठ असतो?

या वायूंना स्वतःचा वास नसतो. कळावं म्हणून मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. लांब पल्ल्याच्या मोठ्या नळांमधून वाहणाऱ्या वायूत मात्र ते बहुधा नसतं. म्हणजे 'वास आला तर कळवा' ही सूचना घरातल्या शेगडीसाठी ठीक आहे. ज्याच्या बांधाखालून मोठा नळ गेला आहे त्या शेतकऱ्याला ती अपुरी आहे. त्याला सांगायला हवं ते वेगळं: जमिनीतून सूं असा आवाज, चिखलात बुडबुडे, नळाच्या रेषेवर अचानक वाळलेलं गवत. आंध्र प्रदेशात नगरम इथे 27 जून 2014 रोजी गॅसचा नळ फुटून आग लागली आणि वीसहून अधिक माणसं गेली. कोरड्या वायूसाठी टाकलेल्या नळातून ओला, म्हणजे पाणी आणि इतर द्रव मिसळलेला वायू जात होता, आणि नळ आतून गंजला होता. 'कोरडा' आणि 'ओला' यांतला फरक त्या गावाला आधी माहीत असता, तर निदान प्रश्न विचारता आला असता.

3. जमीन. नळासाठी शेतजमीन सहसा विकत घेत नाहीत. 1962 च्या कायद्याखाली तिच्यात 'राइट ऑफ यूजर' घेतात. अधिकारी सांगतात, "जमीन तुमचीच राहणार, सातबारा तुमच्याच नावावर." हे खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं की त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळं खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. गहू-हरभरा घ्या, आंब्याची कलमं लावायची नाहीत. या हक्काची भरपाई बाजारभावाच्या 10 टक्के, पिकाचं आणि इतर नुकसान वेगळं. हरकत घ्यायला अधिसूचनेपासून 21 दिवस. हे 21 दिवस राजपत्राच्या भाषेत सुरू होतात आणि त्याच भाषेत संपतात. गावात कळतं ते खुंटे ठोकायला माणसं आल्यावर. 'वापराचा हक्क' असं मोघम भाषांतर छापून कर्तव्य संपत नाही. मोजणीच्या आधी चावडीवर एकच ओळ लावा: या पट्ट्यात तुम्हाला पुढे कधीही विहीर खोदता येणार नाही. मग बघा किती हरकती येतात ते. कदाचित म्हणूनच ती ओळ लागत नसावी.

4. बिलाचं थोडक्यात. नैसर्गिक वायूचं उत्पादन दिवसाला दशलक्ष घनमीटरमध्ये सांगतात आणि भाव ठरतो दशलक्ष ब्रिटिश थर्मल युनिटला अमुक डॉलर असा. घरी तो घनमीटरने येतो, रिक्षात किलोने भरतात. अशा चार मापांत ग्राहकाने तुलना करायची कशी? 14.2 किलोच्या एका सिलिंडरइतकी उष्णता पाइपच्या साधारण 16 ते 18 घनमीटर वायूत असते. एवढी एक ओळ प्रत्येक बिलावर छापायला कंपन्यांना काय जड आहे?

5. शब्द जनसुनावणीचा हक्कसुद्धा ठरवतात. जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने तेल-वायूच्या 'एक्सप्लोरेशन'चे प्रकल्प अशा गटात टाकले, ज्याला जनसुनावणी लागत नाही. 'डेव्हलपमेंट' आणि उत्पादनाला ती सूट नाही. खोदणारं यंत्र तेच, चिखल तोच, धोका बराचसा तोच. नकाशावर विहिरीला कोणतं नाव दिलं यावर गावाला बोलायला मिळणार की नाही हे ठरतं.

रत्नागिरीच्या नियोजित प्रकल्पाचंही असंच. वर्षाला 6 कोटी टन क्षमतेचा हा कारखाना आधी नाणारला आणि मग बारसूला येणार होता, आणि त्याचा प्रचार 'ग्रीन रिफायनरी' म्हणून झाला. या धंद्यात 'ग्रीनफील्ड' म्हणजे मोकळ्या जागेवर पायापासून उभारलेला प्रकल्प. त्याचा पर्यावरणाशी काही संबंध नाही. दोन 'ग्रीन' ऐकणाऱ्याच्या कानात एक झाले, तर फायदा कोणाचा? प्रकल्प यावा की न यावा हा वाद इथे काढत नाही. पण एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाला विरोध करणाऱ्यांना 'अपुरी माहिती असलेले' म्हणताना, माहिती कोणत्या शब्दांत दिली होती हेही तपासायला हवं होतं.

6. 'मराठीत हे शब्दच नाहीत' ही सबब चालणार नाही. रॉकेल आणि घासलेट कोणत्या समितीने घडवले? बाजारात माल आला, लोकांनी नाव ठेवलं. मला 'द्रवीकृत पेट्रोलियम वायू' नको, तो इंग्रजीइतकाच परका. फ्लेअर, रायझर, व्हॉल्व्ह असू द्या. फक्त पुढे लिहा की काय झालं तर काय करायचं. 3 सप्टेंबर 2019 रोजी उरणच्या प्रकल्पात पावसाच्या पाण्याच्या नाल्यात आग लागली, चौघांचा जीव गेला. कंपनीच्या त्या सकाळच्या निवेदनात तेलप्रक्रियेवर परिणाम नाही, वायू हजिऱ्याकडे वळवला आहे, असं होतं. बाजारासाठी ते योग्यच. शेजारच्या गावाचे प्रश्न वेगळे असतात: वारा कुठला आहे, चूल पेटवायची का, पोरांना घेऊन कोणत्या रस्त्याने निघायचं.

7. मागणी नवीन कायद्याची नाही. घातक रसायनांच्या 1989 च्या नियमांनुसार अपघाताची झळ बसू शकेल अशा कुंपणाबाहेरच्या लोकांना धोक्याचं स्वरूप आणि काय करावं, काय टाळावं हे सांगणं कारखान्यावर बंधनकारक आहे. कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन योजनेची रंगीत तालीम वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. उरण, पनवेल, नागोठणे, माहुल, गुहागर इथल्या ग्रामपंचायतींनी आणि रहिवासी संघांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागावं: शेवटची तालीम कधी झाली, आमच्या गावातल्या किती जणांना त्यात घेतलं, आणि आमच्यासाठी काढलेलं मराठी पत्रक कुठे आहे. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. त्याचं शुल्क 10 रुपये आहे आणि उत्तराची मुदत 30 दिवस.