दिवा कुणाच्या हातात आहे?

इंग्रजी साहित्याच्या पेपरात हा प्रश्न हमखास असतो : शोकांतिकेतील रात्र आणि अंधार या प्रतीकांचा अर्थ स्पष्ट करा. गाईडमध्ये उत्तर तयार. अंधार म्हणजे पाप, उजेड म्हणजे पुण्य. पाठ करायचं, लिहायचं, मार्क घ्यायचे. पण मला विचाराल तर निदान 'ऑथेल्लो'पुरतं तरी हे उत्तर साफ चुकीचं आहे. आणि ही चूक पेपरापुरती राहत नाही.

'शेक्सपिअरचं आम्हाला काय?' असं म्हणू नका. सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये याच नाटकावरून 'झुंझारराव' लिहिलं. कऱ्हाडजवळच्या टेंभूच्या आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं, १८८३ चं 'विकारविलसित'. ते गाजवणारी शाहूनगरवासी मंडळी नावातच सातारा घेऊन फिरायची. म्हणजे हे नाटक आपल्या कृष्णाकाठी कधीच येऊन राहिलंय.

आता गंमत बघा. शेक्सपिअरच्या काळात लंडनच्या उघड्या नाट्यगृहांत प्रयोग भर दुपारी व्हायचे. लाईट बंद करायची सोयच नव्हती. मग रात्र दाखवायची कशी? पात्राच्या हातात मशाल किंवा दिवा द्यायचा, आणि अंधार संवादातून उभा करायचा. त्यामुळे दिवा कुणाच्या हातात आहे, हे या नाटकात नीट बघावं लागतं.

पहिला प्रवेश, रात्रीचा रस्ता. इयागो आणि रॉडरिगो एका बापाच्या खिडकीखाली उभे राहून त्याच्या मुलीबद्दल नको ते ओरडतात. रॉडरिगो स्वतःचं नाव सांगतो. इयागो सांगत नाही, आणि बाप खाली यायच्या आत सटकतो. ओळखीचं वाटतं ना? डीपी नसलेलं फेक अकाउंट असंच वागतं.

शेवटच्या अंकात तोच इयागो अंधारात मागून कॅसिओच्या पायावर वार करतो आणि पळतो. थोड्या वेळाने परत येतो, तो हातात दिवा घेऊन, 'कुणी केलं हे?' असं विचारत! आणि त्यानंतर ऑथेल्लो झोपलेल्या डेस्डेमोनाजवळ येतो, तेव्हाही खोलीत दिवा तेवत असतो. दिवा विझवला तर परत लावता येतो, जीव गेला तर परत येत नाही, हे तो स्वतःच बोलतो. तरीही तिला मारतो. उजेड होता, पण इयागोने कानात ओतलेलं विष डोळ्यांवर चढलं होतं.

मग 'उजेड म्हणजे पुण्य' कुठे बसलं? दोन्ही वेळा दिवा घात करणाऱ्याच्याच जवळ आहे.

दुसरी गोष्ट, ऑथेल्लोच्या काळ्या रंगावरून पहिल्याच रात्री शेरे मारले जातात. खरा काळोख मात्र ज्याला सगळे 'प्रामाणिक' म्हणतात त्या इयागोच्या पोटात असतो. काळं ते वाईट, हे गणित नाटकच खोडून काढतं. आपण मात्र ते गाईडमध्ये लिहितो आणि घरी सून बघतानाही वापरतो.

रात्रीची बदनामी करू नका, असं मला यासाठी वाटतं. आपल्याकडे रात्रीची लाईट आली की माणसं बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला रानात जातात. एकांकिका स्पर्धा जवळ आली की तालमी रात्रीच रंगतात. पण तालमीतल्या मुलीला आठ वाजता घरून फोन येतो, 'नीघ आता.' अंधाराची भीती घातली जाते तिला. संशय घेणाऱ्याला, अफवा पसरवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. डेस्डेमोना तर स्वतःच्या घरात, स्वतःच्या बिछान्यात मेली.

मरण्यापूर्वी ती काय मागते, माहितीये? फक्त आजची रात्र. हवं तर उद्या मार, म्हणते. तेही नाही तर निदान अर्धा तास. ऑथेल्लो थांबत नाही. आणि थोड्याच वेळात एमिलिया येते, रुमालाची खरी गोष्ट बाहेर पडते. एवढंच अंतर होतं.

माझ्या मते या नाटकातल्या रात्रीचा अर्थ इथे आहे. रात्री नीट दिसत नाही, म्हणून माणूस ऐकलेल्यावर विसंबतो. दोष दिसत नसतानाही निकाल देण्याचा आहे. आपल्याकडेही रात्री एक वाजता स्क्रीनशॉट येतो, 'बघ तुझी ती काय करते.' त्या वेळी खोलीत उजेड असतो, मोबाईलचा. तो दिवा कुणी धरलाय, हे आधी विचारा. पाठवणाऱ्याचं नाव विचारा. तिच्याशी बोला. आणि काहीच सुचेना तर ब्लॉक, शिवी, स्टेटस, सगळं सकाळपर्यंत ठेवा.

तिने मागितली होती तेवढीच एक रात्र. तुम्ही ती देऊ शकता.