अहवाल मांजराचा, दुर्लक्ष पिसवांकडे

मांजराच्या रक्ताच्या अहवालावर ‘बार्टोनेला पॉझिटिव्ह’ हे दोन शब्द दिसले, की घरात गोंधळ उडतो. कोणी प्रतिजैविकांचा कोर्स सुरू करा म्हणतो, कोणी मांजर कुठेतरी लांब सोडून या म्हणतो. मांजर मात्र खिडकीत पंजा चाटत निवांत बसलेले असते. बहुतेक वेळा मांजराचे ते निवांत बसणेच अहवालापेक्षा जास्त सांगून जाते.

बार्टोनेला हेन्सेली हा जीवाणू मांजराच्या रक्तात राहतो. मांजराने बोचकारल्यावर काही दिवसांनी त्या जागी पुटकुळी येणे, मग काखेत, मानेला किंवा जांघेत गाठ सुजणे, अंगात कणकण राहणे, हा माणसाला होणारा आजार त्याच्यामुळे होतो. पॅरिसमधील बालरोगतज्ज्ञ रोबेर दब्रे यांनी १९५० मध्ये या आजाराचे वर्णन केले, पण जंतूला नाव मिळायला १९९२ साल उजाडले. ओक्लाहोमातील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डायन हेन्सेल यांच्यावरून ते ठेवले गेले. एवढा उशीर होण्याचे एक कारण म्हणजे हा जंतू प्रयोगशाळेत फार सावकाश वाढतो. दुसरे कारण अधिक बोलके आहे: ज्या मांजराने बोचकारले ते ठणठणीत दिसे. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ६१ मांजरांचे रक्त तपासले गेले, तेव्हा त्यातील २५ मांजरांच्या रक्तात हा जंतू जिवंत सापडला.

रक्तात जंतू असूनही मांजर आजारी का पडत नाही? त्याची प्रतिकारशक्ती दुबळी असते, असे नाही. ई. कोलायसारखा जंतू रक्तात पसरला तर हेच मांजर काही तासांत कोसळू शकते. अशा वेळी अंग तापण्याऐवजी गार पडते, हृदयाचे ठोकेही मंदावतात, म्हणून ‘ताप नाही, म्हणजे ठीक आहे’ ही समजूत मांजराच्या बाबतीत महागात पडते. ई. कोलायच्या बाह्य आवरणातील विषारी घटक शरीराला खडबडून जागे करतो आणि ती जागच जिवावर बेतते. बार्टोनेलाच्या आवरणातील तोच घटक घडणीने वेगळा आणि फारच सौम्य असतो. पहारेकरी जागा असतो, पण घंटाच वाजत नाही.

शिवाय हा जंतू तांबड्या रक्तपेशीच्या आत शिरून बसतो. अँटिबॉडी पेशीच्या आत पोहोचत नाहीत. आत जंतू शिरल्याची खबर बाहेर देण्याची जी सोय शरीरातील इतर पेशींत असते, ती तांबड्या पेशीत जवळजवळ नसते. मांजराची तांबडी पेशी साधारण ७० दिवस जगते. तिला न फोडता जंतू आत राहतो आणि पिसवेने रक्त शोषले की तिच्यासोबत बाहेर पडतो. रक्तातील जंतूंची संख्या कधी वाढते, कधी घटते, मध्येच नाहीशी होऊन पुन्हा उसळते. हे महिनोन्‌महिने चालते, काही मांजरांत वर्षाहूनही जास्त.

या काळात मांजर अँटिबॉडी तयार करतेच. त्या निरुपयोगी नसतात. एकदा जंतू गेला की त्याच वाणाचा पुन्हा संसर्ग सहसा होत नाही, पण वेगळा वाण आला तर ते संरक्षण कमी पडते. म्हणजे अँटिबॉडी सापडल्या याचा अर्थ एवढाच, की या मांजराची या जंतूशी कधी ना कधी गाठ पडली होती. जंतू आज रक्तात आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही. उलट एखाद्या पिल्लाच्या रक्तात जंतू असतो आणि अँटिबॉडी अजून तयारच झालेल्या नसतात. मग अशा चाचणीवर पैसे खर्च करून निरोगी मांजराच्या मालकाला नेमके काय कळते? फारसे काही नाही.

त्या अहवालाच्या जोरावर दिली जाणारी प्रतिजैविके तर त्याहून मोठी चूक आहे. औषधाने रक्तातील जंतूंची संख्या उतरते, पण तो पूर्ण नाहीसा होईलच अशी खात्री देणारा कोणताही कोर्स आज उपलब्ध नाही. घरात पिसवा असतील, तर औषध संपल्यावर संसर्ग पुन्हा होऊ शकतो. हाती उरतात ते फक्त औषधाला सरावलेले जंतू, आणि त्यांची आपल्याकडे मुळीच टंचाई नाही. आजारी मांजराची गोष्ट अर्थात निराळी. या जंतूने मांजराच्या हृदयाच्या झडपांना इजा झाल्याची उदाहरणे आहेत, तेव्हा पशुवैद्याने चाचणीही करावी आणि उपचारही. रक्तदान करणाऱ्या मांजराची किंवा प्रतिकारशक्ती खालावलेला माणूस राहतो त्या घरातील मांजराची तपासणीही समजण्यासारखी आहे.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ पावडर आणि थेंब आता मांजरांसाठीही विकले जातात. प्रतिकारशक्ती म्हणजे जणू पाण्याचा नळ, जितका उघडावा तितके बरे, असा तो समज आहे. मायकोप्लाझ्मा हिमोफेलिस हा दुसरा जीवाणू या समजाला चोख उत्तर देतो. तो तांबड्या पेशीच्या आत न शिरता तिच्या पृष्ठभागाला चिकटतो. तिथे तो शरीराला दिसतो, शरीर त्याच्यावर तुटून पडते आणि जंतूसोबत स्वतःच्या तांबड्या पेशीही नष्ट करत सुटते. हिरड्या पांढऱ्या पडतात, मांजर मलूल होते, उपचार वेळेवर झाले नाहीत तर दगावतेही. इथे पेशींचा मोठा विध्वंस प्रतिकारशक्तीच करते. या आजारात प्रतिजैविक खरोखर लागते आणि उपयोगीही पडते.

तेव्हा खर्च करायचाच असेल तर तो पिसवांवर करावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की बाधित मांजरावरच्या पिसवा निरोगी मांजराच्या अंगावर सोडल्या तर संसर्ग पसरतो. पिसवा नसतील तर बाधित आणि निरोगी मांजरे एकत्र राहूनही तो पसरत नाही. जंतू पिसवेच्या विष्ठेतून बाहेर पडतो, मांजर अंग खाजवते तेव्हा तो नखांत अडकतो आणि ओरखड्यातून माणसाच्या शरीरात जातो. मांजराच्या केसांत काळी कणी दिसली, तर ती ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवून पाहावी. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवेची विष्ठा आहे. मुंबई-कोकणातील दमट हवा पिसवांना मानवते. अंगावर दिसतात त्या थोड्या, त्यांची अंडी आणि कोष अंथरुणात, सतरंजीखाली, फरशीच्या फटीत असतात. म्हणून मांजराला पशुवैद्याने दिलेले औषध नियमित लावावे, अंथरूण गरम पाण्यात धुवावे आणि घर कोपऱ्याकोपऱ्यांतून झाडावे. कुत्र्यासाठी आणलेले पर्मेथ्रिनचे औषध मात्र मांजराला चुकूनही लावू नये, ते त्याच्या जिवावर उठते.

माणसांच्या डॉक्टरांनाही या गोष्टीत काम आहे. आपल्याकडे गाठ सुजली की पहिली शंका क्षयाची येते आणि ती यायलाच हवी. पण मांजराच्या ओरखड्याने सुजलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाच्या गाठीसारखी दिसू शकते. ही गाठ बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप उतरते, तर क्षयाची औषधे किमान सहा महिने घ्यावी लागतात. ‘घरात मांजर आहे का, बोचकारले होते का?’ हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिटही लागत नाही. डॉक्टरांनी विचारला नाही, तर रुग्णाने आपणहून सांगावे.

ज्यांची प्रतिकारशक्ती मुळातच खालावलेली आहे, त्यांच्यासाठी हा आजार किरकोळ नाही. एड्सच्या साथीच्या सुरुवातीच्या वर्षांत काही रुग्णांच्या त्वचेवर लालभडक गाठी उठत आणि त्यांचे कारण सापडत नव्हते. १९९० मध्ये त्या गाठींतील जनुकीय खुणांवरून संशोधक याच जंतूपर्यंत पोहोचले. अवयव प्रत्यारोपण झालेले, कर्करोगाची औषधे घेणारे, एचआयव्हीबाधित अशा माणसांनीही मांजर पाळू नये असे नाही. त्यांनी बोचकारणाऱ्या लहान पिल्लाऐवजी वर्षाहून मोठे, शांत आणि पिसवा नसलेले मांजर निवडावे. अंगावरची जखम त्याला चाटू देऊ नये आणि ओरखडा उठलाच तर तो साबणाने वाहत्या पाण्याखाली लगेच धुवावा. ताप आला किंवा गाठ दिसली, तर डॉक्टरांकडे जायला त्यांनी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.