तुरुंग उठला, गावाचं काय?

कॅलिफोर्नियाच्या ईशान्येला डोंगरात सुसानव्हिल नावाचं गाव आहे. पूर्वी ते लाकडाच्या गिरण्यांवर जगायचं. 1963 मध्ये तिथे सरकारी तुरुंग आला, 1995 मध्ये शेजारीच दुसरा. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि गावाची चूल तुरुंगाच्या पगारावर पेटू लागली. 2021 मध्ये सरकारने जुना तुरुंग बंद करायचं जाहीर केलं. राज्यातले कैदी घटले होते, त्यामुळे निर्णय रास्तच होता. तरी गाव कोर्टात गेलं, आणि मला त्या गावाचा राग येत नाही.

कर्मचाऱ्यांना दुसऱ्या तुरुंगांत बदली मिळण्याची सोय होती, म्हणजे कागदावर नोकरी वाचली. पण पहारेकरी बदलून गेला की शाळेतून त्याच्या मुलांची नावं कमी होतात. बायको दवाखान्यात नर्स असेल तर तीही जाते. घर विकायला काढावं, तर त्याच गल्लीत आणखी चार घरांवर पाट्या लागलेल्या. गॅरेजवाल्याला आणि हॉटेलात वाढणाऱ्या बाईला बदली कोण देणार? कोर्टकज्जामुळे थोडा उशीर झाला इतकंच. जून 2023 मध्ये तुरुंग बंद झाला.

न्यूयॉर्क राज्यात तुरुंग बंद करण्याआधी वर्षभर सूचना द्यावी आणि त्या जागेचं पुढे काय करायचं याचा आराखडा मांडावा, असा कायदा आहे. चांगला कायदा. पण अलीकडे अर्थसंकल्पाच्या आडून ती मुदत 90 दिवसांवर आणली गेली. तीन महिन्यांत गाव नवा धंदा कुठून उभा करणार?

जागेचं आधीच काही ठरलं नाही, तर ती पुन्हा कुलपासाठीच वापरली जाते. टेक्सासमधल्या डिली गावात स्थलांतरित आया आणि मुलांना डांबून ठेवणारं केंद्र 2024 मध्ये बंद झालं आणि 2025 मध्ये पुन्हा उघडलं.

वेगळंही घडू शकतं. कोलोरॅडोतलं फोर्ट लायन आधी लष्करी ठाणं होतं, मग क्षयरोग्यांचं इस्पितळ, मग तुरुंग. 2012 मध्ये तुरुंग उठला, आणि 2013 पासून तिथे बेघर माणसं राहतात, व्यसनमुक्तीचे उपचार घेतात, शिकतात. त्यासाठी माणसं लागतात, म्हणून तिथल्या लोकांना थोडंफार कामही मिळालं. सगळ्या नोकऱ्या परत आल्या नाहीत, हेही खरं.

तुरुंग बंद झाला की सरकारचे दरवर्षी कोट्यवधी डॉलर वाचतात. त्यातला ठरावीक वाटा काही वर्षं त्याच गावात खर्च व्हावा, आणि तो कशावर, हे ठरवताना गॅरेजवाला आणि वाढपीणही बैठकीला असावीत.