नाव आपले, पण मालकी कोणाची?



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक नवा विषय येत आहे. पाकिटबंद साखर, आणि ज्या सभासदांची गुऱ्हाळे आहेत त्यांचा गूळ व काकवी, व्यापाऱ्याच्या हाती न देता थेट गिऱ्हाइकाला विकावी असा तो विषय. पहिले विक्रीकेंद्र घाटाखाली, रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूर पट्ट्यात उघडावे असे घाटत आहे. जागा बरी आहे. आपल्या साखरेचे ट्रक बोरघाट उतरून खोपोलीवरूनच मुंबईकडे जातात. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी कर्जतच्या फार्महाऊसवर नि माथेरानला येतात, ती परतताना काहीतरी गावरान पिशवीत टाकून नेतात. त्यांना घरबसल्या पुन्हा मागवता यावे म्हणून संकेतस्थळ, म्हणजे वेबसाइट, हवी. इथवर कुणाचे दुमत नाही.

दुमत आहे ते नावावरून. या संकेतस्थळाला जो पत्ता लागतो, ज्याला डोमेन नेम म्हणतात, त्यासाठी आम्ही नावे मागवली होती. चिठ्ठ्या भरपूर आल्या, त्याबद्दल आभार. पण वाचताना आमच्या पोटात गोळा आला. कित्येक चिठ्ठ्यांत बाजारातल्या एखाद्या नामांकित कंपनीच्या नावातले एक अक्षर फिरवलेले. काहींत त्या नावाला नुसती 'गूळ'ची शेपटी जोडलेली. आणि खाली लिहिलेले, "कॉम्प्युटरवर बघितलं, नाव मोकळं आहे, पैसे भरले की आपलंच."

नेमके इथेच चुकते. आपल्याच एका सभासदाचा मुलगा खोपोलीजवळ गूळ-काकवीचा गाळा चालवतो. कष्टाळू पोरगा. त्याने असेच एक नाव घेतले, पैसे भरले, पावती फाईलला लावली. पिशव्या छापल्या, गाळ्यावर पाटी चढवली. दोन हंगाम बरे गेले आणि मग एके दिवशी रजिस्टर पोस्टाने वकिलाची नोटीस आली, की हे नाव आमच्या अशिलाचे आहे, ते ताबडतोब सोडा. पोरगा पावती घेऊन आमच्याकडे धावत आला. आम्हीही त्या वेळी अडाणीच होतो, पावती बघून म्हणालो, "तुझं काय चुकलं?" वकिलाने समजावले तेव्हा डोळे उघडले. नाव सोडावे लागले, पाटी उतरवली, पिशव्या पडून राहिल्या. पण खरे नुकसान त्याहून मोठे होते. दोन वर्षे जे गिऱ्हाईक त्या पत्त्यावर येत होते, त्याला पोरगा गेला कुठे हेच कळेना.

शेतकऱ्याला ही गोष्ट समजायला अवघड नाही. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी पक्की झाली असे आपण समजतो, आणि दिवाणी कोर्टात गेल्यावर कळते की सातबारा हा महसुलाचा कागद, मालकीचा दाखला वेगळा. डोमेन नेमचे तसेच आहे. नाव देणारी संस्था फक्त एवढेच बघते की तंतोतंत हाच पत्ता आधी कुणी घेतलेला नाही ना. बाजारात ते नाव कुणाचे आहे, कुणी त्यावर हयात घातली आहे, हे ती तपासत नाही. शिवाय हा पत्ता कायमचा विकत मिळत नाही. तो मुदतीने मिळतो, खंडाने घेतलेल्या रानासारखा. नावावरचा खरा हक्क ठरतो तो ट्रेडमार्कच्या कायद्याने आणि बाजारातल्या वापराने.

कोर्टांनी याचा निकाल केव्हाच लावलेला आहे. सन १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे 'रेडिफ'चे प्रकरण आले. समोरच्याने 'रॅडिफ डॉट कॉम' असा पत्ता घेतला होता, फरक इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षराचा. कोर्टाने मनाई केली. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने 'याहू'ला 'इंडिया' जोडून घेतलेला पत्ता थांबवला. म्हणजे एक अक्षर फिरवणे आणि शेपटी जोडणे, आपल्या चिठ्ठ्यांतले दोन्ही मार्ग पंचवीस वर्षांपूर्वीच बंद झालेले आहेत!

आम्हाला सर्वांत बोलके वाटते ते २००४ सालचे सर्वोच्च न्यायालयाचे प्रकरण. सत्यम इन्फोवे कंपनीने 'सिफी' हे नाव स्वतः घडवून १९९९ पासून त्या नावाचे पत्ते घेतले होते. पुढे बंगळूरच्या दुसऱ्या एका कंपनीने 'सिफीनेट' असा पत्ता घेतला, स्पेलिंगमध्ये एक 'एफ' जादा. तिचे म्हणणे, की आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून हे नाव झाले. बंगळूरच्या दिवाणी न्यायालयाने मनाई दिली, उच्च न्यायालयाने ती उठवली, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केली. डोमेन नेम हा नुसता पत्ता नाही, तो व्यापाराची ओळख असतो, आणि दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवू नये हा जुना नियम त्यालाही लागू, असे ठरले. ट्रेडमार्क नोंदवलेला नसला तरी हा नियम लागू राहतो, हे विशेष ध्यानात घ्यावे. तेव्हा आमच्या गटातल्या पाच जणांची आद्याक्षरे जुळवून जे नाव झाले ते कुणाच्या नावासारखे निघाले तर चालेल का, असे विचारणाऱ्या चिठ्ठीला हेच उत्तर.

एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अहो, आपण एवढेसे. घाटाखालच्या एका दुकानाकडे कोण बघतंय?" आमचे मत वेगळे आहे. लहान असेपर्यंत कदाचित कुणी बघणार नाही. पण धंदा वाढावा म्हणूनच ना आपण हे करतो आहोत? नाव सोडायची पाळी वाढल्यावर येते, आणि तेव्हा ते सोडणे सर्वांत महाग पडते. शिवाय हा तोट्या-नफ्याचाच प्रश्न नाही. आपल्या कारखान्याच्या छापाच्या पोत्यात कुणी दुसऱ्याची साखर भरून विकली तर आपण गप्प बसू का? सहकारातल्या माणसांनाही हा फटका बसलेला आहे. 'अमूल'च्या नावाला 'फ्रँचाइझी' वगैरे शब्द जोडून भामट्यांनी पत्ते घेतले आणि एजन्सी देतो म्हणून लोकांकडून पैसे उकळले. गुजरातच्या दूध महासंघाला २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन ते पत्ते बंद करवावे लागले. म्हणून आपले नाव एकदा ठरले की तेही राखावे लागेल, हा खर्च आजच हिशेबात धरावा.

आता गावांच्या नावांविषयी. बऱ्याच जणांनी 'कर्जत गूळ', 'खालापूर साखर' अशी नावे सुचवली. ही प्रामाणिक आहेत, चोरीची नाहीत. तरी आम्हाला पटत नाहीत. एक तर कर्जत दोन. रायगडातले रेल्वेचे कर्जत, आणि तिकडे अहिल्यानगर जिल्ह्यातले कर्जत, जिथे ऊस आपल्यासारखाच पिकतो. गूळ म्हटल्यावर माणूस कुठले कर्जत समजेल? रायगडच्या कर्जतची ख्याती भाताची. तिथल्या संशोधन केंद्राच्या वाणांनाच 'कर्जत' हे नाव आहे. दुसरे असे की गावाचे नाव कायदा सहसा एकट्या कुणाला देत नाही. उद्या शेजारच्या गाळ्यानेही 'कर्जत गूळ' लिहिले तर आपण काय करणार? 'शुद्ध', 'गोड', 'ताजा' या शब्दांचेही तेच, ते सगळ्यांचे. तिसरी गोष्ट, दोघा-तिघांनी 'कोल्हापुरी' शब्द सुचवला आहे, तो तर मुळीच नको. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपला गूळ तिथला नाही, आणि तसे भासवणे म्हणजे तिथल्या गुळवे बांधवांच्या ताटातले ओढणे.

मग नाव कसे असावे? आमच्या मते दुसऱ्या कुणाच्या धंद्यात नसलेला, स्वतः घडवलेला किंवा या मालाशी एरवी संबंध नसलेला एखादा शब्द घ्यावा. ऐकायला सोपा, आणि इंग्रजी स्पेलिंग एकाच तऱ्हेने होईल असा. 'गूळ'चेच बघा, कोणी एका 'यू'ने लिहितो, कोणी दोन 'ओ'ने. कोर्ट अक्षरे बघते तसा उच्चारही बघते. देवनागरीत 'डॉट भारत' असा पत्ताही २०१४ पासून मिळतो, तो जोडीला घ्यावा असे आम्ही सुचवू.

नाव सुचले की पैसे भरण्याआधी शोध घ्यायचा. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर तो फुकट घेता येतो. माल आणि सेवा यांचे तिथे ४५ वर्ग आहेत, साखर ३० व्या वर्गात येते. पण तेवढ्यावर थांबू नये. नोंदणी न करता वर्षानुवर्षे वापरात असलेली नावेही असतात, म्हणून किराणा बाजारातही फिरून बघावे. फार नामांकित नाव असेल तर ते दुसऱ्या वर्गातले असले तरी हात लावू नये. मोकळे वाटले तर डोमेन आणि ट्रेडमार्कचा अर्ज एकाच आठवड्यात करावा. अर्जाची ऑनलाइन फी एका वर्गाला व्यक्तीसाठी ४,५०० आणि संस्थेसाठी साधारणपणे ९,००० रुपये आहे. मंजूर झालेली नोंदणी १० वर्षे चालते, पुढे नूतनीकरण होते. एवढे केल्यावरही कुणी आपल्यासारखा 'डॉट इन' पत्ता घेतलाच, तर त्यासाठी लवादाची सोय आहे. तिथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव आपल्यासारखे आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि त्याचा हेतू वाईट आहे. उद्या आपल्यावर कुणी तक्रार केली तर हेच तीन प्रश्न आपल्याला विचारले जातील.

आणखी एक. पत्ता कारखान्याच्या नावावर घेतला गेला पाहिजे. संकेतस्थळ करून देणाऱ्या पोराच्या किंवा कुणा संचालकाच्या नावावर नको. पासवर्ड आणि नूतनीकरणाची तारीख कार्यालयाच्या रजिस्टरात लिहिलेली असावी.

जुन्या चिठ्ठ्या आम्ही बाजूला ठेवल्या आहेत. नव्या चिठ्ठ्या आपापल्या गट कार्यालयात द्याव्यात. एकाऐवजी तीन नावे लिहावीत, म्हणजे शोधात एखादे बाद झाले तरी अडणार नाही. कंपनीचे, गावाचे किंवा देवाचे नाव नको. देवाच्या नावावर आपल्याआधी कितीजणांनी दुकान काढलेले असेल, याची मोजदाद करायला आमच्याकडे माणूस नाही. शोध घेऊन उरलेली नावे सभेपुढे वाचून दाखवू.