पन्हाळ्याचा तीन दरवाजा आणि गडावरची माणसे

जागतिक वारसा समितीने ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नावे आपल्या यादीत दाखल केली, तेव्हा महाराष्ट्रात सर्वत्र आनंद झाला, व तो होणे योग्यच होते. परंतु या बारांपैकी पन्हाळा हा नांदत्या वस्तीचा गड आहे. तेथे नगरपरिषद आहे, दुकाने आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक आहेत. त्याच वर्षाच्या आरंभी यादीची वार्ता गडावर पोहोचली, तेव्हा या लोकांनी तोरणे बांधली नाहीत. आपली घरेदारे जाणार या धास्तीने ते विरोधास उभे राहिले. त्यांस अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण अशी धास्ती का उत्पन्न व्हावी, याचा विचार करणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते.

गडाच्या पश्चिम अंगास असलेला तीन दरवाजा ज्यांनी पाहिला आहे, त्यांस ठाऊक असेल की दरवाजा म्हणजे नुसती कमान नव्हे. बाहेरच्या कमानीतून आत जावे तो नक्षीदार छताचे एक दालन लागते. पुढे उघडा चौक, त्याच्या कडेने पहारेकऱ्यांच्या कमानदार देवड्या, आणि मग आतला दरवाजा. बाहेरचे कवाड फोडून शत्रू आत घुसला, तरी तो गडात येत नाही, चौकात कोंडला जातो, आणि तेथे चोहोंकडून मार खातो. हे काम आदिलशाहीतले. फारशी शिलालेख अद्यापि साक्ष देत आहेत. आतल्या दरवाजाच्या पट्टीवर मधोमध जो गणपती आहे, तो मराठ्यांनी मागाहून बसविला. आधीच्यांचा लेख त्यांनी खरवडला नाही, आपला देव मात्र बसविला! आमच्या राज्यघटनेत १९७६ साली नागरिकांची कर्तव्ये घालण्यात आली, त्यांत संमिश्र संस्कृतीच्या वारशाचा सन्मान राखावा असे एक आहे. ते या एका उंबरठ्यावर दगडात वाचावयास मिळते.

पूर्वेस याच्याच तोडीचा चार दरवाजा होता. तो आज नाही, आणि का नाही, ही कथा आजच्या वादाशी निगडित आहे. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात इंग्रजांच्या तंत्राने नवी व्यवस्था सुरू झाली, व गडकऱ्यांच्या निर्वाहाच्या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे देण्यात आला. आपली पोटाची भाकरी जाणार, या संशयाने सामानगड, भुदरगड उठले, आणि बंडाचा वणवा पन्हाळ्यास पोहोचला. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजी फौजेने तटास खिंडार पाडून गड घेतला, आणि पुन्हा कोणी डोके वर काढू नये म्हणून तटबंदी निकामी केली. चार दरवाजा त्यात गेला. राखणदारांस विश्वासात न घेता कागदावर व्यवस्था बदलली, याचे पर्यवसान हे असे झाले.

आजचे सरकार परके नाही, आणि आजचा कायदाही इमारत पाडण्यासाठी नाही, राखण्यासाठी आहे. तरीपण त्याची रीत तपासून पाहिली पाहिजे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यास २०१० साली जी दुरुस्ती झाली, तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम सर्वस्वी मना आहे, व त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीवाचून करता येत नाही. स्मारकाची नासधूस करणारास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एकाकी माळावरच्या देवळास हा नियम ठीक. पण जेथे तटाच्या आतच गाव आहे, तेथे मोजपट्टी कोठे धरावयाची?

कायदा करणारांस ही अडचण सुचली नव्हती असे मात्र नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती परवानगीने करता येते, ही तरतूद त्याच दुरुस्तीत आहे. प्रत्येक स्मारकासाठी तेथील स्थिती पाहून तज्ज्ञ संस्थांच्या सल्ल्याने निराळे पोटनियम करावे, असेही कलम २०-ङ सांगते. म्हणजे औषध कायद्याच्या पेटीतच आहे. मात्र कौल गळणाऱ्या घरच्या बाईला कलम २०-ङ वाचता येत नाही. तिच्या कानी ‘मनाई’ एवढाच शब्द येतो, आणि मग अफवेस पाय फुटतात.

रहिवाशांची बाजू घेतली म्हणून त्यांचे दोष झाकण्याचे आम्हांस कारण नाही. पन्हाळ्याचा पाऊस जबर. दरजांत पिंपळाचे रोप एकदा रुजले की मूळ चिरा उचकटून काढते, आणि चुन्याच्या कामावर सिमेंट थापले तर पाणी आत कोंडून दगडच खिळखिळा होतो. हे रोप वेळीच कोणास दिसणार? वर्षातून एकदा येणाऱ्या अधिकाऱ्यास, की रोज त्या वाटेने जाणाऱ्या दुकानदारास? पण त्या दुकानदारानेही चौकात कचरा टाकावयाचा आणि भिंतीवर नाव कोरणाऱ्या पाहुण्याकडे गिऱ्हाईक म्हणून काणाडोळा करावयाचा, हे चालणार नाही. त्याचा गल्ला भरतो तो या दरवाजाच्या जिवावर.

तेव्हा आमचे मागणे एवढेच आहे की, पन्हाळ्याचे पोटनियम करताना वा बदलताना गडावर उघडी सभा भरवावी. ते मराठीत छापून, कोणते घर कोणत्या हद्दीत येते याच्या नकाशासह नगरपरिषदेच्या दारावर लावावेत. जुन्या घरांच्या दुरुस्तीचे अर्ज गडावरच घेऊन त्यांच्या निकालाची मुदत अर्जदारास लिहून द्यावी. आणि चुन्याचे काम जाणणारे गवंडी गावातल्या तरुणांतून तयार करून दरवाजाची डागडुजी त्यांच्या हाती द्यावी. पुढचा पावसाळा सुरू होण्यापूर्वी निदान नकाशा तरी लागला पाहिजे.