पोटखराबा आणि मनःशांती

सृष्टीच्या सान्निध्यात मनास शांती लाभते, हे वचन अलीकडे शहरवासी लोकांच्या तोंडी फार ऐकू येते. सुटीचे चार दिवस काढावयास मुंबई-पुण्याकडील मंडळी गणपतीपुळ्यास किंवा आंजर्ल्यास येतात आणि येथील शेतकऱ्यास म्हणतात, "तुम्ही मोठे भाग्यवान, बारा महिने निसर्गातच असता." शेतकरी हसतो आणि गप्प बसतो; कारण आपल्या मनाची स्थिती त्याची त्यास ठाऊक असते. बारा महिने सृष्टीत राहूनही आमच्या कृषक बंधूंस स्वस्थता का नाही, व ती मिळण्यास काय करावे, ह्याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

आमच्या मते कारण उघड आहे. शेतकरी रानात असतो खरा, परंतु त्याची नजर कामाची असते. बागेत मोहोर आला की त्यास मोहोराआधी तुडतुडा दिसतो. फळ वाटाण्याएवढे झाले की गळ दिसते. आभाळ भरून आले की पुढील फवारणीचा खर्च दिसतो. आणि आंबा तयार झाला की वाशीच्या बाजारातील भाव दिसतो. बागेतील प्रत्येक कलम हे जमाखर्चातीलही एक कलमच होऊन बसते. ह्यात त्याचा दोष नाही. ह्याच नजरेवर घर चालते. शिवाय सृष्टी सदा मायाळूच असते असेही नव्हे. ३ जून २०२० रोजी ज्या चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीकडील पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागा आडव्या केल्या, त्याचे नावच 'निसर्ग' असे होते! तेव्हा झाडाखाली जाऊन बसा म्हणजे चित्त स्थिर होईल, हा उपदेश शेतकऱ्यास अपुरा आहे. ज्या जागेकडून आपणांस काही येणे नाही आणि जिला काही देणे नाही, अशी जागा त्यास हवी.

अशी जागा बहुतेकांच्या सातबाऱ्यावर नोंदलेली आहे. महसूल खात्याच्या कारकुनीत आमच्या हातून असंख्य उतारे गेले, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील फार थोडे उतारे असे आढळले की ज्यांत 'पोटखराबा' ह्या सदराखाली काहीच नाही. लागवडीस अयोग्य म्हणून ज्या क्षेत्रावर आकार बसत नाही, तो पोटखराबा. आमच्याकडे तो बहुधा कातळाचा, म्हणजे सड्याचा असतो. परंतु सरकारी दप्तराचे म्हणणे इतकेच की येथे पीक येत नाही. येथे काहीच नाही, असे ते म्हणत नाही.

वैशाखात काळाठिक्कर पडलेला आणि पाय भाजणारा हा सडा मृगाच्या सरी येताच पालटतो. पहिल्या पावसातच दीपकाडीची पांढरी फुले वर येतात. श्रावण-भाद्रपदात पाणथळ कातळावर सीतेची आसवे निळीजांभळी पसरतात; ही इवलीशी वनस्पती पाण्यातील सूक्ष्म जीव धरून खाते, हे कितीकांस ठाऊक आहे? टिटवी घरटे न बांधता उघड्या खड्यांतच अंडी घालते. आणि उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे येथील सड्यांवर प्राचीन मानवाने हत्ती, मासे व मनुष्याकृती कोरून ठेवल्या आहेत. कोकणातील ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत दाखल झाली. आम्ही जिला निरुपयोगी म्हणतो त्या जागेवर त्या लोकांनी आपले श्रम वेचले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कोणी म्हणेल, ही कविकल्पना झाली. तर एक दाखला देतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ ह्या काळातील नोंदी रॉजर उलरिच ह्या संशोधकाने तपासून १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रोग्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले व त्यांस तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. रोगी अवघे ४६ होते, तेव्हा ह्यावरून फार मोठे अनुमान काढू नये. पण लक्षात घ्यावे की त्या झाडांचे फळ त्या रोग्यांस विकावयाचे नव्हते.

आता मुख्य मुद्दा. आज हा सडा झपाट्याने नाहीसा होत आहे. सुरुंगाने व यंत्राने कातळ फोडून, बाहेरची माती भरून तेथे आंबा-काजूची लागवड होते. कोठे चिरेखाणी निघतात. येथे वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात कित्येक वाड्यांस टँकरची वाट पाहावी लागते. सच्छिद्र जांभ्यात मुरणारे पाणी पायथ्याच्या झऱ्यांस व विहिरींस मिळते, हे जाणून तरी सड्यास हात घालण्यापूर्वी विचार करावा. ज्याचे पोट दोन एकरांवर आहे त्याने सारा कातळ राखावा, असे आम्ही म्हणणार नाही. कर्जाचा हप्ता फुले पाहून फिटत नाही. परंतु ज्यांची बाग पुरेशी आहे, त्यांनी फोडलेल्या प्रत्येक सड्याबरोबर आपल्या हिशेबाबाहेरची शेवटची जागाही हिशेबात ओढली जाते, हे ओळखावे. मग बसावयास जागा उरणार कोठे?

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक खातेदाराने आपल्या पोटखराब्यापैकी एक तुकडा, मग तो पाच गुंठ्यांचा का असेना, जसा आहे तसा ठेवावा. आठवड्यातून एकदा, ऊन कलल्यावर तेथे जावे. कोयता घरी ठेवावा, दूरध्वनीही घरीच ठेवावा. अर्धा तास काही न मोजता बसावे. बाजारभावाचा विचार येईल, तो येऊ द्यावा व जाऊ द्यावा. मुलांस बरोबर न्यावे, म्हणजे त्या जागेची ओळख पुढील पिढीस राहील. ह्या कामास बियाणे लागत नाही, खत लागत नाही आणि त्यावर आकारही बसत नाही. पावसाळा सरण्यापूर्वी वाचकांनी हा प्रयोग एकवार अवश्य करून पाहावा.